चार महिन्यांचा पाऊस पुस्तकाला ठाऊक आहे का?

दिवाळी जवळ आली की घर, बाग आणि स्वयंपाक यांवरच्या नव्या पुस्तकांबद्दलची पत्रं वाढतात. ह्या महिन्यात अकरा आली, त्यातल्या पाचांना इथे उत्तर देते. तालुक्याच्या वाचनालयात 31 वर्षं ग्रंथपाल होते. त्या अनुभवाने एवढं नक्की सांगू शकते, की आपल्याकडे पुस्तक विकत घेताना ते चार महिन्यांच्या पावसात उपयोगी पडेल का, हे आधी बघावं.

सुनेने घरसजावटीचं अठराशे रुपयांचं पुस्तक आणलंय. त्यातलं बघून तिला माजघराच्या भिंतीला वॉलपेपर आणि ओटीवर लाकडी फ्लोअरिंग करायचंय. घर चिऱ्याचं, साठ वर्षांचं, उत्तरेच्या भिंतीला दर पावसात ओल येते. तिला नाही म्हणायला मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, देवगड

ताई, सुनेला घराची एवढी ओढ आहे, याचाच मला आधी आनंद झाला. तिला नाही म्हणू नका. पुस्तक घेऊन दोघी त्या उत्तरेच्या भिंतीसमोर बसा.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो आणि उन्हाळ्यात सावकाश सोडतो. जुन्या घरांना चुन्याची सफेती देत, कारण चुन्यातून ती वाफ बाहेर पडते. त्यावर वॉलपेपर किंवा प्लास्टिक पेंट चढवलात की ओल आत कोंडते. मग श्रावणापर्यंत फुगे येतात, गणपतीला पोपडे पडतात आणि कागदामागे काळी बुरशी धरते. लाकडी फ्लोअरिंग म्हणून बसवतात त्या लॅमिनेटच्या पट्ट्यांचंही तसंच, सांध्यात पाणी शिरलं की कडा फुगून वर येतात, आणि मग त्या पुन्हा बसत नाहीत.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पन्हळ फुटलीय का, पागोळ्या जोत्यालगत पडून माती खणली गेलीय का, बाहेरची जमीन जोत्यापेक्षा उंच झालीय का? माझ्या माहेरी मृगाच्या आधी ह्याच बाजूला माडाच्या झावळांचे झाप बांधायचे. पावसाचा मारा झापावर बसायचा, भिंत कोरडी राहायची. ती भिंत अजून उभी आहे.

तसलंच एक पुस्तक मी वाचनालयातून आणून पूर्ण वाचलं. त्यातलं दिव्यांचं प्रकरण मनापासून आवडलं. छताला एकच पांढरी ट्यूब लावण्यापेक्षा कोपऱ्यात खाली दोन पिवळे दिवे लावले की कौलारू माजघर किती ऊबदार दिसतं, ते मी स्वतः करून पाहिलं. पडदे, उशांचे अभ्रे, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलेलं कपाट, हे सगळं सुनेला खुशाल करू द्या. वॉलपेपरचीच हौस असेल तर आतल्या मधल्या भिंतीवर, जिला बाहेरचा पाऊस लागत नाही तिथे, एक पट्टा लावून एक पावसाळा थांबा.

आणि ते पुस्तकही जपा. अशी पुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात. हा कागद भिजून बंद अवस्थेत वाळला की पानं एकमेकांना चिकटून दगड होतात, आणि सोडवायला गेलं की चित्रासकट पापुद्रा निघतो. आमच्या वाचनालयात एकदा कौल सरकलं आणि एका रात्रीत एक कप्पा भिजला. साध्या कागदाची पुस्तकं दोरीवर घालून आम्ही वाचवली. चकचकीत पुस्तकं मात्र सकाळी मिटलेलीच पंख्याखाली ठेवली गेली, आणि त्यातलं एकही उघडलं नाही. तेव्हा ओलं झालं तर ओलं असतानाच पान न् पान सुटं करा, मध्ये बटर पेपर घाला. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने काढा.

मुंबईची नोकरी संपवून गावी आलो. बागकामाची दोन नवी पुस्तकं घेतली. एकात भाज्या मार्च-एप्रिलमध्ये पेरा असं आहे. तसं केलं, सगळं करपलं. आणि सात वर्षांपूर्वी लावलेल्या कोकमाला फुलं येतात, पण रातांबा एकही नाही. पुस्तकात उत्तर सापडत नाही.
— एक वाचक, गुहागर

दादा, पहिलं पुस्तक थंड मुलखातलं आहे. तिथे मार्चअखेर बर्फ वितळतं, जमीन उबते, म्हणून ती पेरणी. आपल्याकडे तेव्हा विहीर तळाला जाते. पडवळ, दोडका, भेंडी, तवशी (मोठी काकडी) मृगाचा पाऊस पडला की लावा, तेही उंच गादीवाफ्यावर, नाहीतर मुळं कुजतील. मुळा, लाल माठ भातकापणीनंतर. कुंडीच्या तळाशी एक भोक असतं, तुम्ही चार पाडा. घर समुद्राच्या तोंडावर असेल तर नाजूक रोपं पडवीच्या आडोशाला घ्या, खारा वारा पानांच्या कडा जाळतो.

आता कोकम. तुमचं झाड बहुधा नर आहे. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बियांपासून लावलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात. कुठलं काय ते फुलल्याशिवाय कळत नाही, त्यातच सहा-सात वर्षं जातात. थंडीत फूल हातात घेऊन बघा. मधोमध हिरवी गोल गाठ दिसली तर मादी, नुसता पुंकेसरांचा पिवळसर झुपका असेल तर नर. तुमची सात वर्षं गेल्याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण कुठल्याही गावठी माळ्याने हे दोन मिनिटांत सांगितलं असतं आणि दोन्ही जाड पुस्तकांत त्यावर एक ओळ नाही. तरी झाड तोडू नका, परागासाठी आसपास एखादा नर उपयोगीच पडतो. शेजारी मादी झाडाचं कलम आणून लावा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून ह्याच मातीवर काम करतंय, 'कोकण अमृता' ही कोकमाची जात त्यांचीच. कलम आणायला जाल तेव्हा तिथल्या मराठी पुस्तिकाही मागा. चित्रं साधी असतात, पण खड्डा किती फुटांचा आणि खत कोणत्या महिन्यात, हे नेमकं सांगितलेलं असतं.

नव्या पुस्तकातून बांगड्याचं तिरफळ केलं. तिरफळं वाटणात घालून वाटा असं लिहिलं होतं. आमटी कडू झाली, घरात कोणी जेवलं नाही.
— एक वाचक, वेंगुर्ले

चूक तुमची नाही, पुस्तकाची आहे. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकायची, ती कडू आणि कचकच लागते. नुसती टरफलं हलकी चेचून उकळत्या कालवणात घालायची आणि वरून झाकण. वाटायची नाहीत. मी स्वयंपाकाचं नवं पुस्तक हातात घेतलं की आधी दोन गोष्टी बघते. नारळ म्हणजे ओला की सुकं खोबरं, हे दर ठिकाणी सांगितलंय का? आणि वाटी केवढी? परदेशी कप 240 मिलिलिटरचा, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान. कपांची पाककृती नुसता शब्द बदलून वाट्यांची केली की सगळं बिनसतं. 1970 साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक घराघरात टिकलं, त्यात वाटी-चमच्याचं माप मोठं कारण आहे असं मला वाटतं.

तुमच्या त्या नव्या पुस्तकात जुलैच्या पानावर 'ताजे बांगडे' असतील तर तेही खोडा. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा सोडे, सुकट, सुका बांगडा.

ताई, मी बारावीत आहे. केकचं सुंदर पुस्तक बक्षीस मिळालंय, पण आमच्याकडे ओव्हन नाही.
— एक वाचक, लांजा

अभिनंदन! तुझ्या आजीला धोंडस, म्हणजे आपला तवशाचा केक, कसं करतात ते विचार. जून तवसं किसून त्यात तांदळाचा भाजलेला रवा, गूळ आणि ओलं खोबरं घालतात, टोपाच्या तळाला हळदीचं पान. खाली मंद आच, आणि झाकणावर निखारे. खालून-वरून सारखी धग, ओव्हन दुसरं काय करतो? एकदा आजीजवळ बसून निखारे किती आणि किती वेळ, ते वहीत लिही. मग पुस्तकातला साधा रव्याचा केक त्याच टोपात कर. मैद्याचे मऊ केक पहिल्यांदा नको, आणि पावसाळ्यात मैदा सादळलेला असतो म्हणून दूध दोन चमचे कमी घाल. कसा झाला ते मला कळव, बिघडला तरी कळव.

पुस्तकं महाग झालीत. घ्यावीत की वाचनालयातून आणावीत?
— एक वाचक, रत्नागिरी

तुमच्या गावातलं नगर वाचनालय 1828 पासून चालू आहे, आणि तुम्ही हे मला विचारता! आधी तिथून आणा, महिनाभर घरात वापरा. हळदीचे हात लागावेत इतकं ते ओट्यावर राहिलं तर स्वतःची प्रत घ्या. वाचनालयात नसेल तर मागणी वहीत नाव लिहा. मी कामावर असताना खरेदीची यादी करायला बसले की सगळ्यात आधी तीच वही उघडायचे.