बॅक दाबल्यावर व्ह्यू ट्रान्झिशन कधी चालतं, कधी नाही, असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की लिस्टवरून डिटेल पेजवर जाताना व्ह्यू ट्रान्झिशनने (एका पेजवरून दुसऱ्यावर जाताना ब्राउझर दाखवतो ते ॲनिमेशन) फोटो मस्त मोठा होत जातो, पण बॅक दाबलं की कधी ॲनिमेशन दिसतं, कधी पेज नुसतंच बदलतं, आणि स्क्रिप्टला डिफर लावलंय. या 'कधी कधी'तच खरी मेख आहे.

पेजरिव्हील इव्हेंट पेज पहिल्यांदा रेंडर व्हायच्या जरा आधी येतो, आणि डिफरवाली स्क्रिप्ट चालते सगळं एचटीएमएल वाचून झाल्यावर, म्हणजे बऱ्याचदा तोपर्यंत इव्हेंट येऊन गेलेला असतो. पण बॅकवर पेज बीएफकॅशमधून (ब्राउझरने आधीचं पेज जसंच्या तसं मेमरीत ठेवलेलं असतं, तिथून) परत आलं तर तुमचा लिसनर, म्हणजे इव्हेंट आला की चालणारा कोड, आधीच लागलेला असतो, म्हणून तेव्हा चालतं. पेज नव्याने लोड झालं की संपलं. त्यामुळे तेवढा लिसनर हेडमध्ये साध्या स्क्रिप्ट टॅगमध्ये टाका, डिफर, असिंक, मॉड्यूल काही नको, बाकीचा कोड राहू दे जिथे आहे तिथे.

आता त्या लिसनरमध्ये आधी इव्हेंटवर व्ह्यूट्रान्झिशन आहे का बघा, नसेल तर सरळ रिटर्न. असेल तर नॅव्हिगेशन डॉट ॲक्टिव्हेशनमधल्या फ्रॉमच्या यूआरएलवरून कळतं की युजर कुठल्या डिटेल पेजवरून आलाय, लिस्टमधल्या त्याच कार्डला व्ह्यू-ट्रान्झिशन-नेम (कशाचं ॲनिमेशन करायचं ते ब्राउझरला सांगणारं सीएसएसमधलं नाव) द्या आणि ट्रान्झिशनचं रेडी प्रॉमिस पूर्ण झालं की लगेच काढून घ्या. जाताना पेजस्वॅपमध्ये (पेज सोडताना येणारा इव्हेंट) नाव देत असाल तर तिथेही फिनिश्ड प्रॉमिसनंतर काढायचं, हे लोक हमखास विसरतात, मग बीएफकॅशमधून आलेल्या पेजवर जुन्या कार्डचं नाव तसंच चिकटलेलं राहतं, पुढे दुसऱ्या कार्डलाही तेच नाव मिळतं आणि एका पेजवर एकच नाव दोघांना असलं की ब्राउझर अख्खं ट्रान्झिशनच रद्द करतो, फक्त त्या फोटोचं नाही.

कार्ड लिस्टमध्ये खूप खाली असेल तर लिसनर चालताना ते पार्सच झालेलं नसतं, म्हणजे ब्राउझरने अजून वाचलेलंच नसतं. त्यासाठी लिंक टॅगला रेल एक्स्पेक्ट आणि ब्लॉकिंग रेंडर लावता येतं, मग ते कार्ड येईपर्यंत ब्राउझर थांबतो, पण तेवढा वेळ नवीन पेज दिसत नाही, मी तरी लांबलचक लिस्टसाठी नाही लावणार. क्रोममध्ये नॅव्हिगेशनला ४ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ट्रान्झिशन तसंही सोडून दिलं जातं.

आणि रिफ्रेश मारून टेस्ट करू नका, रीलोडला हे ट्रान्झिशन होतच नाही. डेव्हटूल्सच्या ॲप्लिकेशन टॅबमध्ये बॅक/फॉरवर्ड कॅश तपासायचं बटण आहे, पेज कॅशमध्ये जात नसेल तर कारण तिथेच दिसेल.