चर्चची माणसं तुरुंगात कशाला जातात? मी जाते म्हणून सांगते

तुम्ही विचारलंय की ख्रिश्चन लोक कैद्यांकडे, अपंगांकडे, गरिबांच्या घरी जातात ते तिथे नेमकं करतात काय, चोऱ्या-खून केलेल्यांना मदत करायचीच कशाला, आणि हे सगळं शेवटी धर्मांतरासाठीच असतं ना. आणि ख्रिश्चन नसलेल्या माणसाला यात येता येतं का. हे प्रश्न मला लोकांनी तोंडावर विचारलेत, त्यात घरचेपण आले, त्यामुळे राग वगैरे काही नाही, नीट सांगते.

मी वसईची, कॅथलिक. बँकेत होते, आता रिटायर. बारा वर्षं झाली, महिन्यातून दोनदा आमच्या ग्रुपबरोबर जेलच्या महिला बॅरकमध्ये जाते आणि रविवारी पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या भागातल्या, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या (गरिबांच्या घरी जाणारी कॅथलिक संस्था) घरभेटी असतात. कुठलं जेल ते लिहीत नाही, तिथलं सगळं परवानगीवर चालतं.

का जातो याचं उत्तर बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, २५ वा अध्याय. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा माणसांना विचारतो काय, तर मी भुकेला होतो तेव्हा खायला दिलंत का, उघडा होतो तेव्हा कपडे दिलेत का, आजारी होतो, कैदेत होतो तेव्हा माझ्याकडे आलात का. आता यात बघा, तो कैदी निर्दोष होता असं कुठेही लिहिलेलं नाही. कैदेत होतो, एवढंच. आणि सोडवलंत का असंही विचारलेलं नाही, आलात का एवढंच विचारलंय. मी हा उतारा लहानपणापासून मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शंभरदा ऐकला असेल पण हे दोन शब्द माझ्या डोक्यात शिरले ते गेटच्या आत गेल्यावर.

पोप फ्रान्सिस निवडून आले ते २०१३ साल, त्याच महिन्यात पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या दिवशी पाय धुतात) ते रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या जेलमध्ये गेले आणि १२ जणांचे पाय धुतले, त्यात मुलीसुद्धा होत्या आणि मुसलमानसुद्धा होते. आणि २०२५ मध्ये वारायच्या चार दिवस आधी, तोही पवित्र गुरुवारच, इतके आजारी असताना रोमच्या रेजिना चेली जेलमध्ये जाऊन आले, यावेळी पाय धुवायला जमत नाही म्हणाले पण आले. मी ते टीव्हीवर बघितलं आणि मला रडू आलं, खरं सांगते.

आता "गुन्हेगारांना मदत कशाला" याबद्दल. तुम्ही जेल म्हटलं की शिक्षा झालेले लोक डोळ्यासमोर आणता. जेलमधल्या भाषेत त्यांना पक्के कैदी म्हणतात. पण आत बहुतेक कच्चे असतात, म्हणजे ज्यांची केस अजून चालूच आहे. सरकारचा २०२२ चा तुरुंगांचा आकडा बघा, देशात सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी आणि त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे चारातले तीन. दोषी की निर्दोष ते कोर्टाने अजून सांगितलेलंच नाही. आणि यातल्या कितीतरी जणांना जामीन मंजूर झालेला असतो, तरी आत असतात, कारण जामीनदार नाही.

पहिल्यांदा मी गेले तेव्हा आम्ही साबण, तेल, बिस्किटं, पॅड असं सगळं पॅक करून नेलं होतं, ते वाटून दिलं, एक प्रार्थना झाली, भजन झालं, मला वाटलं झालं काम. निघताना एक बाई, असेल तिशीची, माझ्याजवळ आली आणि म्हणाली ताई, पत्र लिहून द्याल का. बसले. म्हटलं पत्ता सांग. तर तिला पत्ताच येईना. म्हणे नाक्यावरून आत गेलं की शिंप्याचं दुकान, त्याच्या मागे, बोअरिंगच्या बाजूला, बहिणीचं घर. गावाचं नाव माहीत, तालुका माहीत, पिनकोड कुठून माहीत असणार. मी अंतर्देशीयवर तेच लिहिलं, शिंप्याच्या दुकानामागे. मजकूर काय तर मी बरी आहे, मुलाला शाळेतून काढू नका, आणि घरातली शेळी विकली असेल तर विकू दे पण मला सांगा. पत्रं आधी ऑफिसमध्ये वाचली जातात मग जातात, ते बरोबरच आहे. पण ते पत्र परत आलं. पत्ता अपुरा.

मग आम्ही काय केलं, त्या भागातल्या मिशनच्या सिस्टरना कळवलं, त्या शिंप्याचं दुकान शोधत गेल्या आणि बहीण सापडली. बहिणीला ही जिवंत आहे की नाही तेसुद्धा माहीत नव्हतं. आणि तेव्हा कळलं की या बाईला १५ हजारांचा जामीन सात महिन्यांपूर्वीच मिळालाय, तिला कोणी सांगितलंच नाही किंवा सांगितलं ते समजलं नाही, आणि जामीनदार म्हणून उभं राहायला रेशनकार्ड, पगाराची स्लिप, घराचा पुरावा असलेला माणूस तिच्या सगळ्या नातेवाइकांत एकही नव्हता. सात महिने! चोरीचा आळ होता, तोही घरकाम करायची तिथला. ती दोषी होती का नव्हती मला माहीत नाही आणि मी तिला कधी विचारलंही नाही, आमच्यात तो नियमच आहे, केस विचारायची नाही, तिने आपणहून सांगितली तर ऐकायची.

त्यानंतर मी साबणाच्या पिशवीपेक्षा वहीकडे जास्त लक्ष द्यायला लागले. वहीत नाव, कोर्ट, पुढची तारीख, वकील कोण, जामीन झालाय का. हे विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसला, देतो आम्ही, कारण बाई असेल किंवा कोणीही कोठडीत असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळायचा कायदा १९८७ चा आहे, फक्त आतल्या माणसाला ते माहीत नसतं. (कोणाला गरज असेल तर १५१०० या नंबरवर फोन करा.) २०२३ मध्ये केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना काढली, त्यात सुरुवातीला कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि पक्क्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत पैसे सरकार भरेल असं ठरलं होतं, पण अर्ज कोणीतरी पुढे ढकलायला लागतो, कागद आपोआप चालत नाही. म्हणजे चर्चची माणसं आत काय करतात याचं खरं उत्तर हे आहे की प्रार्थना अर्धा तास आणि बाकी वेळ पत्ते, तारखा आणि फोन नंबर.

ती सुटली त्या दिवशी मी गेटवर होते. सुटका संध्याकाळी झाली, हातात एक प्लास्टिकची पिशवी, पायात दुसऱ्या कोणाच्यातरी चपला. बाहेर मोठा रस्ता आहे. ती रस्त्याच्या कडेला आली आणि थांबली, गाड्या बघून पुढे पाऊलच टाकेना, माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. वर्षभर रस्ताच ओलांडला नव्हता ना तिने. स्टेशनच्या पुलावर पण तसंच. बहिणीकडे सोडायला आम्ही दोघी गेलो. शेळी विकली नव्हती.

व्हिन्सेंट डी पॉल म्हणजे कोण ते पण थोडं सांगते कारण नाव ऐकलेलं असतं पण माहीत नसतं. हे फ्रान्सचे फादर, १६१९ मध्ये त्यांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारायची शिक्षा झालेल्या कैद्यांचे धर्मगुरू नेमलं होतं, साखळ्या घातलेली माणसं. आणि त्यांच्या नावाची ही सोसायटी काढली ती २०० वर्षांनी, १८३३ मध्ये, पॅरिसला, आणि काढणारा कोण तर फ्रेडरिक ओझानाम, कॉलेजचा पोरगा, वय वर्षं वीस. वादविवादात कोणीतरी त्यांना टोमणा मारला की तुमचा धर्म पूर्वी मोठा असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता ते दाखवा. तो चिडला नाही, मित्रांना घेऊन सिस्टर रोझाली रेंद्यू म्हणून होत्या, वस्तीत काम करायच्या, त्यांच्याकडे शिकायला गेला. आणि त्या पोरांनी पद्धत कुठली धरली, तर पैसे गोळा करून वाटायचे नाहीत, घरी जायचं, स्वतः, बसायचं, आणि पुढच्या वेळी परत जायचं. आजही आमच्याकडे घरभेट दोघांनी मिळून करायची आणि त्या घरची गोष्ट बाहेर बोलायची नाही हा नियम आहे.

हा नियम आमच्याकडूनही मोडलाय. सुरुवातीला एका नाताळला आम्ही किराणा वाटला आणि फोटो काढले, रिपोर्टला लागतात म्हणून. एका बाईने पिशवी घेताना पदर तोंडावरून पूर्ण खाली ओढला. सगळ्यांनी बघितलं आणि कोणी काही बोललं नाही, फोटो काढून झाला. घरी येऊन मला झोप लागली नाही. त्या बाईकडे मी पुढच्या आठवड्यात गेले तर तिने दार उघडलं नाही, आणि बरोबरच केलं तिने. त्या वर्षापासून फोटो बंद.

आता अपंगांचं. आमच्या भेटीतल्या एका घरात मुलगा आहे, वय चोवीस, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही, मान स्थिर राहत नाही, पण ऐकतो सगळं आणि हसतो. वडील नाहीत. आई त्याला उचलते, आंघोळ घालते, भरवते, ती स्वतः आता साठीला आलीय. कोळी कुटुंब आहे. आम्ही काय मदत करू विचारलं तेव्हा तिने पैसे मागितले नाहीत. UDID म्हणजे ते दिव्यांग कार्ड काढून द्या आणि निराधार योजनेचा फॉर्म भरून द्या एवढं म्हणाली, ते झालं, उत्पन्नाच्या दाखल्याला चार खेपा झाल्या पण झालं. मग एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, सहा वर्षांत जीवदानीला गेले नाही. विरारची जीवदानी देवी, डोंगरावर. याला कोणाकडे ठेवू, भरवायला जमत नाही कोणाला, ठसका लागतो.

मग तिनेच मला शिकवलं. मऊ भात, वरण, चमचा लहान, अर्धाच भरायचा. त्याला टेकून बसवायचं, आपण समोर खाली बसायचं, वरून नाही भरवायचं कारण मान मागे गेली की ठसका. चमचा खालच्या ओठाला लावायचा आणि थांबायचं. तो तोंड उघडेल तेव्हाच. मग गिळलं का बघायचं, गळ्याकडे बघायचं, आणि मगच दुसरा. एक वाटी भाताला चाळीस मिनिटं लागतात. मला पहिल्या दिवशी तासभर लागला आणि माझा हात थरथरत होता. पण तीन रविवार ती बाजूला बसून बघत होती आणि चौथ्या रविवारी, नवरात्र होतं, ती हिरवी साडी नेसून जीवदानीला गेली. मी आणि माझी जोडीदारीण सकाळी आठ ते दोन त्याच्याजवळ. ती आली, घामाघूम, पायऱ्या चढूनच गेली होती, आधी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग आमच्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. मी खाल्ला. त्यानंतर दरवर्षी हे ठरलेलंच आहे, नवरात्रातला एक दिवस आमचा.

धर्मांतराच्या प्रश्नाला माझं स्वतःचं उत्तर हा नवरात्रातला दिवसच आहे, पण मी असं नाही म्हणणार की प्रश्न हवेतला आहे. इतिहासात मिशनरी आले ते शिकवायला, बरं करायला आणि हो, धर्म सांगायलासुद्धा आले, लपवून काय उपयोग. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, म्हणजे त्यांच्या विधवांच्या शाळेवर, १८९३ मध्ये धर्मांतराच्याच कारणावरून पुण्यात केवढं वादळ झालं आणि सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. त्याच रमाबाईंनी दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा आणून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिथे आंधळ्या मुलींनाही शिकवलं, ज्यांना तेव्हा कोणी घरात सुद्धा धरत नव्हतं. मुंबईत दादरची आंधळ्या मुलींची शाळा १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्डनी सुरू केली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यातली एक सांगून दुसरी गिळायची नाही. माझं मत विचाराल तर भुकेल्याच्या हातात भाकरी देताना दुसऱ्या हातात अट असेल तर ते येशूचं काम नाही, मग ते कोणीही करो. जेलमध्ये तर तसाही प्रश्न नाही, अधिकारी बसलेले असतात, प्रार्थनेला कोणी यायचं त्यांचं ते ठरवतात, आणि ब्रह्माकुमारी येतात, विपश्यनावाले येतात, आमचा पण एक वार.

तुम्ही येऊ शकता का, तर हो. आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका येतात, आमच्यातल्या नाहीत, गणपतीत येत नाहीत बाकी एक वार चुकवत नाहीत. त्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे की बायका लाईन लावून त्यांच्याकडूनच पत्र लिहून घेतात, माझ्याकडे कोणी येत नाही पत्राला! प्रार्थनेच्या वेळी त्या मागे बसून पाकिटं चिकटवतात. तुमच्या जवळच्या चर्चमध्ये व्हिन्सेंट डी पॉल आहे का आणि प्रिझन मिनिस्ट्रीचं, म्हणजे जेलभेटींचं, कोण बघतं एवढं विचारा, फादर सांगतील. आधी दोन-तीन महिने नुसत्या घरभेटींना या, लगेच जेलची परवानगी मिळणार नाही, ओळखपत्र, अर्ज, सगळं होतं. मात्र एकदा येऊन बंद करणार असाल तर येऊ नका, कारण त्या बायका तारखा मोजत असतात आणि मागच्या वेळची ताई का आली नाही हे प्रत्येकीला विचारतात. आणि फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे पत्ते-नंबर सगळं कागदावर घ्या, बॉलपेन दोन ठेवा, एक नेहमी आत राहतं.