मोबाइलवर मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड कसा निवडायचा?

तुमचा प्रश्न असा : ऑफिसच्या संगणकावर इन्स्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीवर) हात बसलाय, फोनवर मात्र इंग्रजी अक्षरांतून लिहावं लागतं आणि 'कमळ'चं 'कमल' होतं, तोच लेआउट फोनवर मिळेल का?

मिळतो, फक्त निवडताना नीट बघावं लागतं. जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर कीबोर्ड उघडा, वरच्या पट्टीतून सेटिंग्जमध्ये जा, लँग्वेजेस, ॲड कीबोर्ड, मग यादीतून मराठी. इथे लगेच 'डन' दाबू नका. मराठीखाली कीबोर्डची छोटी चित्रं आडवी मांडलेली असतात. त्यातल्या 'एबीसी → मराठी'वरची खूण काढा (तीच तुमच्या 'कमल'ची जननी) आणि देवनागरी अक्षरांच्या चित्रावर खूण करा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स, ॲड न्यू कीबोर्ड, मराठी.

नावावर विसंबू नका, 'इन्स्क्रिप्ट' हा शब्द कुठे लिहिलेला असेलच असं नाही. कळा वाचा. वरच्या ओळीत डावीकडून ौ ै ा ी ू आणि मग ब ह ग द ज ड, दुसऱ्या ओळीत ो े ् ि ु आणि मग प र क त च ट असेल, तर तो भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१९४ : १९९१ मधलाच लेआउट. क ख ग घ ओळीने लागले असतील तर तो वर्णमालेचा लेआउट. वाईट नाही, पण तुमची बोटं तिथे चुकणार.

अडचण येते ती जोडाक्षरांना. संगणकावर शिफ्ट धरून ५ दाबला की ज्ञ, ७ दाबला की क्ष. फोनवर अंक वेगळ्या पानावर जातात, त्यामुळे या सोयीच्या कळा तिथे मिळतीलच असं नाही. मग पाय मोडूनच लिहायचं : क ् ष, ज ् ञ. रफारासाठी र आधी, 'अर्ज' म्हणजे अ र ् ज. रकारासाठी र नंतर, 'प्रत' म्हणजे प ् र त. पहिली वेलांटीसुद्धा व्यंजनानंतरच. रेमिंग्टनवाले (जुन्या टाइपरायटरच्या कळमांडणीची सवय असलेले) ती आधी मारतात आणि मग 'कीबोर्ड बिघडलाय' म्हणतात.

खास मराठी अक्षरं दोन. पहिलं 'ऱ', नुक्त्याचा र. शिफ्ट दाबून किंवा र वर बोट दाबून धरून शोधा. 'आचाऱ्यांना' हवं असेल तर च, ा नंतर ऱ ् य. साधा र वापरलात तर 'आचार्यांना' होईल आणि स्वयंपाक्यांचं आमंत्रण गुरुजींना जाईल. दुसरं 'ॲ'. हे युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात) २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आलं. कळ सापडली नाही म्हणून अ वर वेगळा ॅ चढवू नका : काही फोनवर सारखंच दिसतं, काहींवर मध्ये टिंबांचं वर्तुळ उमटतं आणि शोध घेताना 'ॲप' सापडत नाही. 'ऍ' हेही वेगळंच अक्षर आहे.

हिंदीचा कीबोर्ड घेऊन काम भागवू नका. लिपी एकच असली तरी सुचवले जाणारे शब्द हिंदी असतात आणि 'आणि' लिहिताना भलतंच पुढे येतं. इंग्रजीही जोडलेलीच ठेवा, ईमेल पत्त्याला ती लागतेच. पृथ्वीगोलाच्या कळीने किंवा स्पेसबार दाबून धरून भाषा बदलते.

चार ओळींच्या गप्पांपुरतं लिहिणाऱ्याला मी इंग्रजी अक्षरांचाच मार्ग सांगेन. तुम्हाला सवय आहे, तर इन्स्क्रिप्टच घ्या, इथे दाबलेली कळच उमटते, फोन अंदाज बांधत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड जोडणार असाल तर मात्र ही निवड त्याला आपोआप लागू होत नाही. त्याचा लेआउट अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'फिजिकल कीबोर्ड'खाली वेगळा ठरवावा लागतो.