पाणबुडीत हायड्रोजन : वाचकांच्या शंका

घरच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली एक-दोन माणसांची पाणबुडी फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज बनवणाऱ्या सेलवर, चालवता येईल का, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडले आहेत. सगळीकडे हिशेब एक किलोवॉटच्या प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन जातीच्या स्टॅकचा (एकाला एक लागून रचलेल्या सेलच्या थप्पीचा) आहे. मेम्ब्रेन म्हणजे सेलमध्ये दोन वायूंना वेगळं ठेवणारा पातळ पडदा. प्रत्येक सेलचा चालू व्होल्टेज ०.७ धरला आहे. अशा स्टॅकला ताशी ५४ ग्रॅम हायड्रोजन आणि ४२६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ४८० ग्रॅम पाणी तयार होतं.

प्रश्न : माझी दोन माणसांची पाणबुडी सध्या शिशाच्या बॅटऱ्यांवर चालते. पंखा लावलेला, हवेवर चालणारा एक किलोवॉटचा स्टॅक हाताशी आहे. तो सीटमागे बसवून केबिनमधलीच हवा दिली तर? केबिनमध्ये अंदाजे दोन घनमीटर हवा आहे.

उत्तर : बसवू नका. ४२६ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे तासाला सव्वातीनशे लिटर. हलकं काम करणारा माणूस तासाला २५ ते ३० लिटर वापरतो. म्हणजे तुम्ही केबिनमध्ये आणखी अकरा-बारा माणसं कोंबताय. दोन हजार लिटर हवेत ऑक्सिजन ४२० लिटर असतो. त्यातला साठ-सत्तर लिटर गेला की प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास येतं, आणि त्याला बारा-तेरा मिनिटं पुरतात. केबिनचा बॅरोमीटर तेवढ्यात तीसेक मिलिबार उतरलेला दिसेल. डोकं जड होण्याची वाट बघत बसू नये, ते लक्षण उशिरा येतं आणि तोवर निर्णय घ्यायची कुवत गेलेली असते.

दुसरी अडचण त्याहून वाईट. या स्टॅकमध्ये हायड्रोजनच्या बाजूचं टोक बंद असतं. तिथे साचलेलं पाणी आणि नायट्रोजन बाहेर फेकायला एक सोलेनॉइड (विजेने उघड-बंद होणारा) व्हॉल्व्ह दर काही सेकंदांनी क्षणभर उघडतो. त्या प्रत्येक ‘फुस्स’बरोबर थोडा हायड्रोजनही जातो. मोकळ्या आवारात तो वर निघून जातो, बंद केबिनमध्ये छताशी साचतो. स्टॅकला तासाला साडेसहाशे लिटर हायड्रोजन लागतो. त्यातला एक टक्का जरी असा सुटला, तरी तासाभरात साडेसहा लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो, आणि पेटायला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की स्वेटर काढतानाचीही पुरते.

हवेचा स्टॅक पाण्याखाली शुद्ध ऑक्सिजनवर चालवायचा जुगाडही करू नका. त्याची उघडी कॅथोड (म्हणजे ऑक्सिजनची) बाजू पंख्याच्या वाऱ्यावर थंड होते. बंद डब्यात तो वारा फिरून फिरून तापतो. किलोवॉटमागे साधारण ११०० वॉट उष्णता बाहेर काढावी लागते. त्यासाठी पाण्याने थंड होणारा, दोन्ही बाजू बंद असलेला आणि निर्मात्याने ऑक्सिजनसाठी मान्य केलेला स्टॅकच हवा. शीतक पाण्याचं तापमान पाच अंशांनी वाढू द्यायचं ठरवलं, तर मिनिटाला तीन-सव्वातीन लिटर प्रवाह पुरतो. पाणी मात्र डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं हवं. नळाचं पाणी घातलं तर एका सेलमधून दुसऱ्या सेलकडे पाण्यातूनच वीज वाहते आणि प्लेटा झिजतात.

प्रश्न : दहा युनिट वीज हवी असेल तर बॅटरीपेक्षा वजन किती वाचेल?

उत्तर : पंप, कन्व्हर्टर आणि वाया जाणारा वायू धरून युनिटमागे ६० ग्रॅम हायड्रोजन आणि ४८० ग्रॅम ऑक्सिजन धरा. दहा युनिटांना ६०० ग्रॅम आणि ४.८ किलो. २०० बार दाबाच्या ५० लिटर सिलिंडरमध्ये हायड्रोजन सुमारे ७४० ग्रॅम मावतो, म्हणजे साठेक किलोच्या पोलादी नळकांड्यात पाऊण किलोही नाही. ऑक्सिजनला १० लिटरचे दोन सिलिंडर, मिळून तीस-पस्तीस किलो. स्टॅक, पंप, हीट एक्स्चेंजर, कन्व्हर्टर यांचे आणखी २५ ते ३०. बेरीज १२० ते १२५ किलो. तेवढीच वीज देणारा लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक शंभर किलोच्या आसपास बसतो, शिशाच्या बॅटऱ्या साडेतीनशे किलोच्या.

म्हणजे शिशापुढे फ्युएल सेल जिंकतो, लिथियमपुढे हरतो. जास्त युनिटं घेतली तरी पोलादी सिलिंडरमध्ये हे गणित फारसं बदलत नाही, कारण प्रत्येक युनिटाबरोबर पोलादही वाढतं. मग यंत्रणा वाढवायची कशाला, असं विचाराल तर दहा युनिटांसाठी आमचं उत्तर ‘वाढवू नका’ असंच आहे. तीन-चार तासांच्या बुडीला लिथियम पुरे.

पण वजन वाचवणं हाच पाणबुडीत बऱ्याचदा चुकीचा हिशेब असतो. तळाशी असलेल्या साडेतीनशे किलो बॅटऱ्या तुमचं बॅलास्ट, म्हणजे पाणबुडी बुडवणारं आणि सरळ ठेवणारं वजनही असतात. त्या काढून सव्वाशे किलोची यंत्रणा बसवलीत की सव्वादोनशे किलो शिसं विकत आणून तळाला बांधावं लागेल. नाहीतर पाणबुडी खाली जाणार नाही, आणि गुरुत्वमध्य वर सरकल्याने कलंडायलाही लागेल. उलट ५० लिटरचा पोलादी सिलिंडर हलच्या (पाणबुडीच्या कवचाच्या) बाहेर बांधला तर तो जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. पाण्यात त्याचं वजन जवळजवळ शून्य भरतं. म्हणून किलोपेक्षा जागा आणि वजन कुठे पडतं, ते पाहा.

याच कारणाने आमचा कल मेटल हायड्राइडकडे आहे. लँथॅनम-निकेलसारख्या मिश्रधातूच्या भुकटीत वजनाच्या सव्वा ते दीड टक्का हायड्रोजन मुरतो. सहाशे ग्रॅमला ४५ किलो भुकटी लागेल. मोटारीत हे हास्यास्पद ठरेल, पाणबुडीच्या तळाला मात्र ते शिशाची जागा घेतं. दाबही काही बारचाच. भुकटीतून हायड्रोजन सोडवायला उष्णता द्यावी लागते, एक किलोवॉटच्या स्टॅकला सव्वादोनशे वॉटच्या आसपास. ती स्टॅकच्या शीतक पाण्यातूनच मिळते, म्हणून तेच पाणी आधी हायड्राइडच्या टाकीभोवती फिरवून मग समुद्राकडे न्यावं. थंड पाण्यात सुरुवातीला टाकीचा दाब पडतो आणि स्टॅक उपाशी राहतो. पहिली दहा मिनिटं बॅटरीवर काढण्याची सोय ठेवा. जर्मन नौदलाच्या २१२ए वर्गाच्या पाणबुड्यांतही हायड्रोजन असाच हायड्राइडमध्ये, प्रेशर हलच्या बाहेर ठेवतात. ‘उराशिमा’ या जपानी मानवरहित पाणबुडीने २००५ मध्ये ३१७ किलोमीटरचा पल्ला मारला, तोही हायड्राइड आणि फ्युएल सेल यांच्याच जोरावर.

प्रश्न : हायड्रोजनचा सिलिंडर आणि त्याचा दाब उतरवणारा रेग्युलेटर दोन्ही हलच्या बाहेर लावले आहेत. जमिनीवर रेग्युलेटर ०.५ बार देतो. माणूस न बसवता २० मीटरवर चाचणी घेतली तेव्हा केबिनमधल्या गेजवर २.५ बार नोंदले गेले. रेग्युलेटर बिघडला आहे का?

उत्तर : रेग्युलेटर अगदी बरोबर चालतो आहे, घोटाळा तो कुठे बसवला यात आहे. रेग्युलेटरच्या आतल्या डायफ्रॅमच्या (लवचिक पडद्याच्या) एका बाजूला स्प्रिंग असते आणि तिथलं भोक बाहेरच्या हवेला उघडं असतं. जमिनीवर ती हवा एक वातावरण दाबाची. पाण्यात त्याच भोकातून पाणी डायफ्रॅमला ढकलतं. दर दहा मीटरला एक बार, म्हणून वीस मीटरला नेमके दोन बार वाढले. पाणबुड्याच्या श्वसनयंत्रात हेच हवं असतं, तुमच्या स्टॅकला नाही. मेम्ब्रेनच्या दोन बाजूंतला दाबाचा फरक अर्ध्या बारच्या आत ठेवायचा असतो. पन्नास मीटरला तो पाच बारच्या वर गेला असता आणि मेम्ब्रेन फाटून हायड्रोजन थेट ऑक्सिजनमध्ये शिरला असता.

उपाय दोन. रेग्युलेटर कोरड्या, एक वातावरण दाबाच्या डब्यात ठेवा. किंवा बाहेरचा रेग्युलेटर आठ-दहा बारपर्यंतच उतरवू द्या आणि ०.५ बारचा दुसरा टप्पा डब्याच्या आत घ्या. सुरक्षा व्हॉल्व्हचंही हेच. समुद्रात उघडणारा व्हॉल्व्ह खोलीच्या दाबाएवढा उशिराच उघडतो. सिलिंडर पूर्ण रिकामा करू नका. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की बारीकशा गळतीतूनही खारं पाणी आत ओढलं जातं. प्लास्टिक अस्तराचे कंपोझिट सिलिंडर तर अशा वेळी आतून चुरगळू शकतात. पाण्याखाली वापरण्याची निर्मात्याची लेखी परवानगी नसेल तर ते बाहेर लावूच नका. स्टॅकच्या तोंडाशी आणखी एक सोलेनॉइड हवा, वीज गेली की बंद होणारा.

प्रश्न : औद्योगिक सिलिंडरमधल्या ९९.५ टक्के ऑक्सिजनवर स्टॅक टेबलावर छान चालतो, पण पंधरा-वीस मिनिटांत काही सेल ०.७ वरून ०.४ व्होल्टवर येतात. टोक उघडून ऑक्सिजन सोडला की पुन्हा ठीक. सेल खराब झालेत?

उत्तर : अजून नाहीत. उरलेला अर्धा टक्का मुख्यतः आरगॉन वायू. तो कुठेच खर्च होत नाही, बंद टोकाशी साठत राहतो. तासाला सव्वातीनशे लिटर वापरात तो दीड लिटरच्या वर जमतो. कॅथोडची पोकळी आणि नळ्या मिळून अर्धा लिटर असतील तर अठरा-वीस मिनिटांत सगळी जागा आरगॉनची. टोकाजवळचे सेल त्याआधीच गुदमरतात. तुमच्या घड्याळाशी हे जुळतंच आहे. तिथेच पाणीही साचतं, आणि लक्षण तेच दिसतं. फरक असा ओळखा : सोडलेल्या वायूबरोबर थेंब उडाले तर पाणी, कोरडा वायू आला तर आरगॉन.

०.४ व्होल्टच्या खाली कुठलाही सेल गेला की भार तोडणारं सर्किट बसवा. हायड्रोजन न मिळाल्याने सेल उलटा फिरला की त्याचा कार्बन जळतो आणि मग तो परत येत नाही. ९९.९९९ टक्क्यांचा ऑक्सिजन वापरला तर टोक उघडून वायू सोडण्याच्या दोन वेळांमधला अवधी कितीतरी वाढतो. सोडलेला वायू केबिनमध्ये मोकळा सोडू नये. मेम्ब्रेनला टाचणीएवढं छिद्र असेल तर त्यातून हायड्रोजनही येईल, आणि केबिनचा ऑक्सिजन २३ टक्क्यांवर गेला की कपडे-तारा भराभर जळतात. बुडीआधी निर्वात केलेली दहा लिटरची बाटली यासाठी ठेवा. हायड्रोजनची वेगळी, ऑक्सिजनची वेगळी.

लोक हायड्रोजनला घाबरतात आणि ऑक्सिजनला पाण्यासारखं वागवतात. १९७० मध्ये अपोलो १३ या अमेरिकी चांद्रयानावर फुटली ती फ्युएल सेलला पुरवणारी ऑक्सिजनची टाकी, हायड्रोजनची नव्हे. तुमच्या नळ्यांत तेल, ग्रीस, बोटांचा तेलकटपणा काहीही नको. सिलिंडरकडच्या उच्च दाबाच्या भागात बॉल व्हॉल्व्ह वापरू नका. पाव फेरीत तो पूर्ण उघडतो, पुढच्या नळीतला वायू एकदम दाबला जाऊन तापतो, आणि व्हॉल्व्हची प्लास्टिक सीट पेटते. सुईचा व्हॉल्व्ह लावा, हळू उघडा. त्या भागात स्टेनलेसपेक्षा पितळ बरं, ते सहजी पेट घेत नाही.

प्रश्न : हायड्रोजनचा सेन्सर कुठे आणि कोणता?

उत्तर : केबिनमध्ये सर्वांत उंच जागी, म्हणजे बहुधा झाकणाच्या घुमटात, तुमच्या डोक्याजवळच. इशारा ०.४ टक्क्यावर ठेवा. दोन घनमीटरच्या केबिनमध्ये एवढं व्हायला आठ लिटर हायड्रोजन पुरतो. कॅटॅलिटिक (वायू उत्प्रेरकावर जाळून मोजणाऱ्या) सेन्सरला ऑक्सिजन लागतो आणि सिलिकॉनच्या वाफेने तो मरतो. मेल्यावर तो शून्य दाखवतो, म्हणजे सगळं ठीक असल्यासारखं. घरी बांधलेल्या पाणबुडीत सिलिकॉन सीलंट नाही असा कोपरा सापडणं कठीण, म्हणून दर बुडीआधी चाचणीचा वायू देऊन सेन्सर वाजतो का ते बघा.

स्टॅक केबिनमध्ये ठेवूच नये, हे आमचं ठाम मत. तो वेगळ्या, नायट्रोजन भरलेल्या पॉडमध्ये (बंद डब्यात) बाहेर ठेवा, केबिनमध्ये फक्त विजेच्या तारा येऊ द्या. त्या पॉडमध्ये ऑक्सिजन नसल्याने कॅटॅलिटिक सेन्सर चालणार नाही. तिथे उष्णतावाहकता मोजणारा सेन्सर लावा, आणि सोबत ऑक्सिजनचाही.

एक विसरू नका. शिशाच्या बॅटऱ्या तुम्ही ठेवल्या असतील तर हायड्रोजन तुमच्याकडे आधीपासून आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आणखी एक अँपिअर ढकलला की दर सेलमधून तासाला जवळपास अर्धा लिटर हायड्रोजन निघतो. १२ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांचे ३६ सेल एका माळेत असतील तर तासाला पंधरा-सोळा लिटर. चार्जिंगनंतर बॅटऱ्यांच्या पॉडमधली हवा बदलल्याशिवाय झाकण बंद करू नये.

प्रश्न : गळतीची चाचणी कशी घ्यावी?

उत्तर : आधी नायट्रोजनने, हायड्रोजनने नाही. कमी दाबाच्या भागातून स्टॅक सोडवून त्या नळ्या १० बारवर भरा, व्हॉल्व्ह बंद करा, दाब आणि तापमान लिहून ठेवा. चोवीस तासांनी पुन्हा वाचा. तापमान एक अंश उतरलं तर दाब सुमारे ०.०४ बार आपोआप उतरतो, तेवढी वजाबाकी करूनच निष्कर्ष काढा. साबणाचा फेस प्रत्येक जोडाला ब्रशने लावा आणि दोन मिनिटं थांबा. बारीक गळतीचा बुडबुडा लगेच फुगत नाही, टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके हळूहळू गोळा होतात. नंतर हेलियमने पुन्हा तपासा, नायट्रोजन अडतो तिथूनही तो निसटतो. फेरूलचा (नळीवर आवळून बसणाऱ्या कड्याचा) जोड गळत असेल तर दाब असताना आवळू नका. दाब सोडा, उघडा, नळीवर ओरखडा आहे का पाहा. बहुतेक वेळा असतो, आणि मग नळी कापून नवी फेरूल बसवण्याला पर्याय नाही. स्टॅकची स्वतःची चाचणी वेगळी, अर्ध्या बारवर आणि दोन्ही बाजूंना एकदमच दाब देऊन.

प्रश्न : तयार झालेलं पाणी बाहेर फेकावं की पिता येईल?

उत्तर : दोन्ही नको. फेकलंत तर युनिटमागे अर्धा किलोने पाणबुडी हलकी होते आणि पंपाला समुद्राच्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. पॉडमधल्या सहा-सात लिटरच्या टाकीत साठवा, शक्यतो गुरुत्वमध्याच्या जवळ. पिण्याबद्दल म्हणाल तर अपोलोचे अंतराळवीर फ्युएल सेलचंच पाणी पीत, पण ते सेल त्यासाठीच बांधले होते. तुमच्या स्टॅकमधून फ्लोराइड आणि धातूंचे अंश येऊ शकतात. प्यायला बाटली घेऊन बसा.