बंदुकीवर वाद घालताना काडतुसाचा विचार करतो का आपण?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या बंदूक नियंत्रणावरून मित्रांत वाद पेटला आणि एकजण म्हणाला, 'बंदूक राहू दे, गोळ्यांवर बंधन घाला.' आपल्याकडे तसं काही आहे का, आणि रानडुकरांना वैतागलेल्या शेतकऱ्यांना परवाने सढळ हाताने द्यावेत का?

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. घरात आबांच्या नावावर पीक संरक्षणाची एकनळी बाराबोर बंदूक आहे, म्हणून लिहितोय.

पहिल्या भागाचं उत्तर हो. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीइतकाच काडतुसालाही परवाना लागतो. परवाना नसताना खिशात एक जिवंत काडतूस सापडलं तरी गुन्हा. एका वेळी किती ठेवायची, वर्षात किती घ्यायची हे परवान्यावर असतं आणि दुकानदार विक्रीची नोंद करतो. बाराबोरच्या परवान्यावर .315 रायफलचं काडतूस मिळत नाही. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने चिलखत भेदणाऱ्या पिस्तुलाच्या गोळ्या बनवण्यावर बंदी आली, पण साधी गोळी घ्यायला तिथल्या केंद्रीय कायद्यात असा परवाना नाही. तुमच्या मित्राचा मुद्दा त्यामुळे पोकळ नाही.

पण आमच्या परवान्यावर बोअर आहे, संख्या आहे, छर्रा कुठला ते नाही. माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

बाराबोर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. काडतूस एकाच मापाचं, आतला ऐवज मात्र वेगळा. चार नंबरच्यात बारीक छर्रे, शंभराच्या वर. एलजी म्हणतात त्या मोठ्या छऱ्यांच्या काडतुसात फक्त सहा, पण एकेक चांगल्या वाटाण्याएवढा. लहानपणी आबांनी ओल लागून फुगलेलं एक एलजी कापलं होतं. तळहातावर घेतलेल्या त्या सहा दाण्यांचा थंडगार जडपणा मला अजून आठवतो.

एकदा रताळ्याच्या रानात रात्री डुकरं शिरली. आबा माळ्यावर राखणीला होते. नेहमी ते हवेत बार काढायचे, आवाजानेच कळप पांगतो. त्या रात्री घाईत नळी आडवी राहिली आणि आत एलजी होतं. डुकराला काही लागलं नाही. सकाळी बघतो तर बांधापलीकडे शेजारच्या काकांच्या फणसात दोन छर्रे, बोटभर खोल रुतलेले. फणसाच्या बुडातूनच पाणंद जाते, पहाटे बायका त्या वाटेने गवताला निघतात. बाकीचे चार आम्ही दिवसभर शोधले.

म्हणून परवाने सढळ द्या याला मी नाही म्हणतो, आणि आमचं पीक दरवर्षी जातं तरी म्हणतो. कर्नाटकातल्या कोडगूचं, म्हणजे कूर्गचं, उदाहरण लोक देतात. तिथे कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, 2029 पर्यंत वाढवलेली. पण ती जुन्या परंपरेची सूट आहे, डुकरांवरचा उपाय नव्हे. शिवाय पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. गवा तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, भाताचं खळं तुडवलं तरी त्याच्यावर नेम धरता येत नाही. आपल्याला हवा असतो तो आवाज. मग राखणीच्या परवान्यावर एलजी मिळूच नये, एवढं एक कलम लिहा. खऱ्या गरजूचा अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवू नका आणि नुकसानीचे पैसे पुढच्या पेरणीआधी हातात द्या. आमची एक भरपाई आली तोवर दुसरं भात कापून झालं होतं.

फणसातले दोन छर्रे आबांनी कोरून काढले आणि आपण होऊन काकांच्या दारात गेले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "उद्या आमची धाकटी त्या वाटेनं जाणार होती." त्यानंतर आमच्या घरात एलजी आलं नाही.