लिसनिंग शिकवायला घेताय? आधी एवढंच करा

इंग्रजी लिसनिंग, म्हणजे ऐकून समजणं, शिकवायला पहिली बॅच मिळाली म्हणजे भारीच की! सुरुवातीला आपण सगळेच एक चूक करतो, ऑडिओ लावायचा, प्रश्न विचारायचे, उत्तरं तपासली की झालं. ब्रिटिश संशोधक जॉन फील्ड यांनी 1998 मध्येच यावर बोट ठेवलं होतं, ही झाली परीक्षा, शिकवणं कुठंय?

म्हणून उत्तर चुकलं की तिथेच थांबा आणि नक्की काय ऐकू आलं ते विचारा. बऱ्याचदा शब्द पोरांना माहीत असतो पण बोलताना जोडून आला की ओळखूच येत नाही, 'व्हॉट डू यू'चं 'व्हॉड्यू' होतं तसं. तेवढीच दोन-तीन सेकंदं परत परत लावा, पोरांकडून ऐकलेलं लिहून घ्या. कंटाळवाणं वाटेल, पण करा.

दुसरं, ऐकण्याआधी अंदाज बांधायला लावा, मग शेजाऱ्याशी ताडून बघू दे, मग परत ऐकवा. कॅनडाच्या लॅरी व्हँडरग्रिफ्ट यांनी सहकाऱ्यासोबत फ्रेंच शिकणाऱ्या 106 विद्यार्थ्यांवर 13 आठवडे हेच करून पाहिलं (2010), फायदा कच्च्यांना जास्त झाला!

टाळा:
- आधीच ऑडिओची लिहिलेली स्क्रिप्ट हातात देणं
- एकदाच ऐकवून पुढे पळणं

थिअरी वगैरे नंतर बघू.