आइंडहोवनच्या हिवाळ्यात सायकल: बुटांवरची कव्हरं आणि बाकीचं

तुम्ही विचारलंय की जानेवारीत पुण्याहून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला येताय, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी आहे, ऑफिस 9 किलोमीटरवर आहे आणि रोज सायकलनं जायचंय. तर बुटांवर घालायची गरम कव्हरं कोणती घ्यावीत, आणि ती पुण्यातूनच आणावीत का? नोंदणी, बँक, विमा यांची माहिती सरकारी पानांवर नीट दिलेली असते, त्यात मी पडत नाही. पायांबद्दल मात्र कुणी सांगत नाही.

पुण्यातून आणू नका. कव्हराचं माप बुटावर ठरतं, आणि हिवाळ्यात रोज कोणते बूट घालणार हे इथे आल्यावर ठरेल. दुकानात जाताना तेच बूट पायात असू द्या. कव्हरांची मापं बहुतेक सायकलिंगच्या निमुळत्या बुटांवरून काढलेली असतात, त्यामुळे साध्या स्नीकरला एक माप मोठं लागतं. ओढूनताणून बसवलेलं कव्हर बूट आवळतं, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि महागडं निओप्रीन (स्पंजासारखं रबरी कापड) घालूनही बोटं बधिर होतात. मोज्यांचंही तसंच आहे: दोन जोड घालू नका, मेरिनो लोकरीचा एकच जाड जोड घाला आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा ठेवा.

इथली थंडी आकड्यांत फार वाटत नाही. जानेवारीत सकाळी साधारण 0 ते 5 अंश असतात. त्रास होतो तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा आणि तासन् तास चालणाऱ्या बारीक पावसाचा. 9 किलोमीटरला अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागतं. बोटं गारठायला तेवढा वेळ पुरतो. या हवेला 3 ते 4 मिलिमीटरचं निओप्रीन चांगलं. ते ओलं झालं तरी ऊब धरतं, पण हवा खेळू देत नाही, म्हणून 10 अंशांच्या वर पाय घामानं भिजतात. आतून फ्लीस लावलेलं वारारोधक कापड कोरड्या थंडीत जास्त आरामाचं, पण त्याच्या शिवणींतून पाणी शिरतं. शिवणी आतून टेपनं बंद केल्या आहेत का ते उलटं करून बघा. नुसत्या बोटांवर बसणाऱ्या टोप्या ऑक्टोबरपुरत्या ठीक, जानेवारीत उपयोग नाही.

आता तळव्याचं, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. रेसिंगच्या कव्हरांना खाली मोठं भोक असतं, बुटाच्या तळाची क्लीट, म्हणजे खटका, खास पेडलला अडकावी म्हणून. तुमचं पेडल साधं आणि बूटही साधे असतील, तर त्या भोकातून चाकानं उडवलेलं पाणी आत येतं. शिवाय प्रत्येक सिग्नलला पाय टेकून टेकून बोटांपाशी कव्हर फाटतं; एक हिवाळासुद्धा नीट निघत नाही. तुम्हाला बंद तळव्याचं, खाली खरखरीत रबर असलेलं कव्हर हवं. मागची झिप टाचेच्या वर संपणारी असावी आणि तिच्यावर वेल्क्रोची पट्टी असावी. टाचेवर परावर्तक पट्टी असेल तेच घ्या: डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, आणि वर-खाली होणारा पाय गाडीवाल्याच्या नजरेत पटकन भरतो.

चांगलं कव्हर घेऊनही बूट भिजले, तर पाणी बहुधा वरून आलेलं असतं. पँट कव्हरात खोचली की पायावरून ओघळलेलं पाणी सरळ मोज्यात उतरतं. रेनपँटची मोहरी नेहमी कव्हराच्या बाहेरून खाली सोडा आणि उजवीकडे पट्टीनं बांधा, नाहीतर ती चेनमध्ये जाते.

गोठण्याच्या दिवसांत सायकलमार्गांवर मीठ टाकतात. त्यानं झिप अडकते. आठवड्यातून एकदा कव्हरं साध्या पाण्यानं धुवा आणि झिपवर मेणबत्ती घासा. रेडिएटरवर वाळत घालू नका, डिंक सुटतो. आत रद्दी कोंबून खोलीत टांगा, सकाळपर्यंत कोरडी होतात.

मुलीसाठी कव्हरं घेऊ नका. लहान मापं सहसा मिळत नाहीत आणि सैल कव्हर पेडलवर घसरतं. आतून अस्तर असलेले गमबूट, अर्धं माप मोठे, आणि लोकरीचे मोजे. ती मागच्या सीटवर बसणार असेल तर तिला जास्त गुंडाळा: चालवणाऱ्याचे पाय हलत असतात, बसलेल्याचे नाही.

तिच्या शाळेचं अंतर आधी विचारा, हे मी कळकळीनं सांगतोय. डच न येणाऱ्या मुलांना अनेक ठिकाणी सुरुवातीला, बहुधा वर्षभर, नवागतांच्या भाषावर्गात घालतात. तो वर्ग घराजवळच्या शाळेत असेलच असं नाही. सकाळी शाळा एका दिशेला, ऑफिस दुसऱ्या, असं झालं तर तुमचे 9 किलोमीटर 14 होतात. आणि वर्षानं, जरा मैत्री जमली की पोराला उचलून दुसऱ्या शाळेत बसवायचं. भाषा पक्की होते हे खरं, पद्धतीमागचं कारणही मला पटतं. तरी माझ्या मुलाचे ते सुटलेले मित्र मला अजून खुपतात, आणि आपण आणखी प्रश्न विचारायला हवे होते का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर तो येतो, फेब्रुवारीत सगळ्यात जास्त. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. बायकोलाही पहिल्या आठवड्यातच सायकल घेऊन द्या, घरात बसून तो दुप्पट वाढतो. आणि तिच्यासाठीही बंद तळव्याचीच कव्हरं घ्या, आठवड्याचा बाजार आणि शाळेची ने-आण बहुतेक तिच्याच वाट्याला येईल. तसं होऊ नये यासाठी दिवस आत्ताच वाटून घ्या.